ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या उत्तर भागातलं मोठं शहर. तिथून बॅरेंट्स समुद्र ओलांडला की स्वालबार्ड द्वीपसमूह लागतो आणि त्यातलं मुख्य गाव लाँगइयरब्येन. विमानतळ ते विमानतळ सरळ अंतर ९५७ किलोमीटर, म्हणजे ५१७ नॉटिकल मैल. थेट विमानाला दीड ते पावणेदोन तास लागतात. मुंबई–बंगळुरूपेक्षा जास्त आणि मुंबई–चेन्नईपेक्षा थोडं कमी, असं हे अंतर आहे.

आपल्याकडून या वाटेने जाणारे लोक आता बरेच आहेत. पुण्या-मुंबईचे पर्यटक ध्रुवीय प्रकाश बघायला ट्रॉम्सोला जातात आणि तिथपर्यंत गेलोच आहोत तर स्वालबार्डही करू, असा बेत आखतात. भारताचं आर्क्टिकमधलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्रही स्वालबार्डमध्येच आहे. ते २००८ साली सुरू झालं आणि त्याचा कारभार गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. २०२३ च्या डिसेंबरात भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम निघाली, तिच्या पहिल्या तुकडीत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे संशोधकही होते.

बेत आखायला बसलं की गोंधळ सुरू होतो. एक संकेतस्थळ ९५७ म्हणतं, दुसरं ९६१, तिसरं ५९५, चौथं ५१७. मोबाइलवरच्या नकाशात तर हे अंतर अख्ख्या भारताएवढं दिसतं. वेळेच्या रकान्यात १ तास ४० मिनिटं असतात, आणि त्या भरवशावर लोक पुढची तिकिटं काढून मोकळे होतात. माझ्या मते अंतर हा या प्रवासातला सगळ्यात सोपा भाग आहे. ते वहीच्या पानावर निघतं. वेळ मात्र किलोमीटरवर कमी आणि पासपोर्ट, वारा, धुकं यांवर जास्त ठरतो. म्हणून अंतर स्वतः काढून बघा, मग वेळेकडे वळा.

आधी नकाशाचा भ्रम दूर करा

मोबाइलवरचे बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. या पद्धतीत विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका प्रदेश ताणून दाखवला जातो. ट्रॉम्सोच्या अक्षांशावर हा ताण जवळजवळ तिप्पट असतो, लाँगइयरब्येनला जवळजवळ पाचपट. झूम न बदलता नकाशावर मोजलंत तर ट्रॉम्सो–लाँगइयरब्येन ही रेघ कन्याकुमारी–श्रीनगर या रेघेपेक्षा लांब भरते. प्रत्यक्षात कन्याकुमारी ते श्रीनगर हे अंतर या अंतराच्या तिप्पट आहे.

त्यामुळे उत्तरेकडची अंतरं नजरेने कधीच जोखू नका. नकाशावर बोट ठेवून मोजायचा मोह होत असेल तर नकाशाऐवजी पृथ्वीचा गोल घ्या आणि त्यावर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर बसतो. विमानाची वाटही साधारण तीच असते.

वहीच्या पानावर अंतर

यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हवेत. ते शहराचे न घेता विमानतळाचे घ्या.

ट्रॉम्सो विमानतळ: ६९ अंश ४१ मिनिटं उत्तर, १८ अंश ५५ मिनिटं पूर्व.
लाँगइयरब्येन विमानतळ: ७८ अंश १५ मिनिटं उत्तर, १५ अंश २८ मिनिटं पूर्व.

एक काळजी घ्या. ६९ अंश ४१ मिनिटं म्हणजे ६९.४१ नव्हे. मिनिटांना ६० ने भागावं लागतं, म्हणून ते ६९.६८ होतात. इथे गफलत झाली तर उत्तर एका झटक्यात ३० किलोमीटरने चुकतं, आणि चूक लक्षातही येत नाही, कारण आकडा दिसायला बरोबरच वाटतो.

पहिली पायरी अक्षांशांची. ७८ अंश १५ मिनिटांतून ६९ अंश ४१ मिनिटं वजा केली की उरतात ८ अंश ३४ मिनिटं, म्हणजे एकूण ५१४ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण एक नॉटिकल मैल. खलाशांनी हे माप त्यावरूनच घेतलं आहे. म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर ५१४ नॉटिकल मैल. अर्धं काम इथेच संपतं.

दुसरी पायरी रेखांशांची. १८ अंश ५५ मिनिटांतून १५ अंश २८ मिनिटं गेली की ३ अंश २७ मिनिटं, म्हणजे २०७ मिनिटं. पण ही मिनिटं जशीच्या तशी मैल म्हणून धरता येत नाहीत. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर, मुंबईच्या अक्षांशावर १०५, ट्रॉम्सोला ३९ आणि लाँगइयरब्येनला जेमतेम २३. म्हणून दोन्ही ठिकाणांचा सरासरी अक्षांश काढा. तो येतो ७३ अंश ५८ मिनिटं. त्याचा कोसाइन ०.२७६. या आकड्याने २०७ ला गुणलं की मिळतात ५७ नॉटिकल मैल.

तिसरी पायरी शाळेतल्या पायथागोरसची. ५१४ चा वर्ग अधिक ५७ चा वर्ग, आणि बेरजेचं वर्गमूळ. उत्तर ५१७ नॉटिकल मैल. त्याला १.८५२ ने गुणलं की ९५७ किलोमीटर.

रेखांशातल्या साडेतीन अंशांच्या फरकाने अंतरात भर पडली ती फक्त तीन मैलांची. विमान जवळजवळ सरळ उत्तरेलाच जातं, पश्चिमेकडे कलतं ते सरासरी सहा अंशांच्या आसपास. पुढे वाऱ्याचा हिशेब करताना ही गोष्ट कामाला येईल.

ही सोपी रीत एक-दीड हजार किलोमीटरपर्यंत आणि रेखांशात थोडाच फरक असेल तेव्हा वापरायची. लांबच्या अंतराला ती फसवते. मुंबई ते ऑस्लो याच रीतीने काढलंत तर ६,९९० किलोमीटरच्या आसपास येतात. खरं अंतर आहे ६,६३० च्या आसपास, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरचा घोळ. तिथे गोलावरचं सूत्र लागतं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा, आणि येणाऱ्या आकड्याचा उलट कोसाइन अंशांत काढा. त्या अंशांना ६० ने गुणलं की नॉटिकल मैल. आपल्या दोन विमानतळांसाठी मधला आकडा ०.९८८७२ येतो, त्याचा कोन ८.६१ अंश आणि उत्तर पुन्हा ५१७. हिशेब ताडून बघायला हे उत्तम.

आता संकेतस्थळांवरचे वेगवेगळे आकडे कुठून येतात ते सांगतो. ५१७ हे नॉटिकल मैल, ५९५ हे रस्त्यावरचे साधे मैल, ९५७ हे किलोमीटर. ९६१ ची गंमत निराळी आहे. वरच्या हिशेबात पृथ्वी हा अचूक गोल धरला आहे, पण ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. त्यामुळे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तावर ११०.६ किलोमीटरचा असतो आणि ध्रुवाजवळ १११.७ चा. हा चपटेपणा धरून मोजणारी संकेतस्थळं ९६१ च्या आसपास आकडा देतात. दोन्ही बरोबर आहेत. प्रवाशाला या चार किलोमीटरने काहीच फरक पडत नाही.

अंतरावरून उड्डाणाचा वेळ

या मार्गावर बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० या वर्गातली विमानं असतात. उंचीवर गेल्यावर ती मॅक ०.७८ च्या आसपास उडतात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या शेकडा ७८. बाहेर उणे ५६ अंश तापमान असेल तर हा वेग ताशी ८३० किलोमीटर भरतो. हवा आणखी गार झाली की आवाजाचा वेग घटतो आणि त्याबरोबर विमानाचाही. उणे ६५ अंशांना तेच मॅक ०.७८ म्हणजे ताशी ८१२ किलोमीटर.

९५७ ला ८३० ने भागलं की ६९ मिनिटं. त्यात पंचवीस-तीस मिनिटं मिळवायची: जमिनीवरची धाव, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, आणि शेवटची वळणं. बेरीज १ तास ३५ ते ४० मिनिटं. वेळापत्रकातही साधारण हेच दिसतं. कुठल्याही दोन विमानतळांना ही रीत लागू पडते, फक्त विमान कुठलं ते आधी बघा. पंखेवाल्या छोट्या विमानाला ताशी ८३० चा वेग धरून चालणार नाही.

वळणांबद्दल थोडं. ट्रॉम्सोची धावपट्टी जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. विमान उत्तरेकडे उडालं तर ते लगेच वाटेला लागतं, दक्षिणेकडे उडालं तर वळून यावं लागतं आणि काही मिनिटं जातात. लाँगइयरब्येनची धावपट्टी मात्र फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, कडेने जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. उत्तरेकडे येणाऱ्या विमानाला तिथे काटकोनात वळावंच लागतं.

आणि वारा. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ७३० होतो आणि ६९ मिनिटांची ७९ होतात. तोच पाठीमागून आला तर ६२. पण या उंचीवरचा मुख्य वारा बहुधा पश्चिमेकडून असतो आणि आपली वाट उत्तरेची, म्हणजे वारा बाजूने लागतो. बाजूच्या १०० किलोमीटरच्या वाऱ्याने मिनिटभराचाही फरक पडत नाही. मुंबई–लंडन मार्गावर जाता-येताना तासभराहून जास्त तफावत असते, ती इथे सहसा दिसत नाही.

घड्याळाचा प्रश्नच नाही, दोन्हीकडे एकच वेळ. आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन.

पासपोर्ट: इथेच खरी गाडी अडते

हा भाग दोनदा वाचा. नॉर्वे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. स्वालबार्डवर सार्वभौमत्व नॉर्वेचंच आहे, तरी तो शेंगेनच्या बाहेर आहे. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे त्याचं स्थान वेगळं राहिलं. तिथे जायला व्हिसा लागत नाही. पण तिथे पोचण्याचं विमान नॉर्वेतून सुटतं. म्हणजे ट्रॉम्सोला तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो शेंगेनमध्ये पहिल्यांदा उतरलात तेव्हाच वापरला गेला. परत यायला दुसरा प्रवेश हवा. म्हणून अर्ज करतानाच किमान दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा, स्वालबार्डचं तिकीट किंवा आरक्षण अर्जाला जोडा, आणि व्हिसा हातात आल्यावर प्रवेशसंख्येचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हॉटेलच्या आरक्षणाआधी या गोष्टीचा विचार करा.

वेळेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तिकिटावर हा प्रवास देशांतर्गत भासला तरी तो परदेशी प्रवासासारखाच धरायचा. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानात बसलात तर ट्रॉम्सोला सगळ्यांना हातातलं सामान घेऊन खाली उतरवतात. पासपोर्टच्या खिडकीपुढे रांग लागते, नोंद झाली की दारापाशी यायचं आणि बऱ्याचदा त्याच विमानात, त्याच खुर्चीवर जाऊन बसायचं. अशा वेळी पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या पिशवीच्या तळाशी ठेवू नका, खिशात ठेवा. ऑस्लोहून थेट लाँगइयरब्येनला जाणारं विमानही असतं. ते सुमारे दोन हजार किलोमीटर आणि तीन तासांचं. त्यात पासपोर्ट ऑस्लोलाच बघतात. ट्रॉम्सो बघायचं नसेल तर मी हाच पर्याय सुचवेन.

ट्रॉम्सोहून जाणाऱ्याने दारापासून दारापर्यंतचा वेळ असा धरावा. गावातून विमानतळ पंधरा मिनिटं, बेटाच्या पोटातल्या बोगद्यातून रस्ता आहे. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचायचं. विमान १ तास ४०. उतरून सामान हातात पडेपर्यंत अर्धा तास. विमानांच्या वेळेला जोडलेली बस तिथे उभी असते, तिने गावात वीस मिनिटं. एकूण पावणेपाच तास, यातले हवेतले दीडच. शिवाय या मार्गावर मुंबई–दिल्लीसारखी तासातासाला विमानं नाहीत. एक चुकलं तर त्याच दिवशी दुसरं मिळेलच असं नाही, म्हणून आधी विमान कुठल्या वारी आहे ते बघा आणि बाकीचा बेत त्याभोवती बसवा.

विमान अर्ध्यातून परत फिरलं तर

ट्रॉम्सो आणि लाँगइयरब्येन यांच्या मधोमध समुद्रात एकच बेट आहे, ब्यॉर्नॉया. तिथे हवामान केंद्र आहे, धावपट्टी नाही. स्वालबार्डमध्ये दुसरीकडे मोठं जेट उतरवण्याची सोय नाही. लाँगइयरब्येनला धुकं, बर्फ किंवा आडवा वारा यांमुळे उतरता आलं नाही, तर विमानाला पर्याय उरतो तो मुख्य भूमीचा. म्हणून निघतानाच परत येण्याइतकं इंधन भरलेलं असतं. तिथवर जाऊन, घिरट्या घालून विमान परत ट्रॉम्सोला येऊ शकतं. त्या दिवशी तुम्ही जवळजवळ दोन हजार किलोमीटर उडाल आणि निघालात तिथेच उतराल. वैमानिक असं करतो ते अगदी योग्य कारणासाठी, हे लक्षात असलं की राग येत नाही.

हा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात आडव्हेंटडालेन खोऱ्यातल्या गोठलेल्या जमिनीवर विमानं उतरत. आजची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची आहे आणि ती कायम गोठलेल्या जमिनीवर बांधली आहे. वरचा थर उन्हाळ्यात सैल होतो, धावपट्टीला उंचवटे येतात, आणि ती वेळोवेळी दुरुस्त करावी लागते. हवामान तापू लागल्यापासून हे काम वाढलं आहे.

प्रवाशाने करायचं ते एवढंच. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नॉर्वेच्या हवामान खात्याच्या ‘वायआर’ या संकेतस्थळावर लाँगइयरब्येनचा अंदाज बघा. तपमानापेक्षा वारा, ढगांची उंची आणि धुकं यांकडे लक्ष द्या. कडाक्याच्या थंडीने विमानं क्वचितच थांबतात, धुक्याने थांबतात. विमानाची ताजी स्थिती ‘एविनोर’च्या संकेतस्थळावर कळते, दोन्ही विमानतळ तीच संस्था चालवते. परतताना लाँगइयरब्येनचं विमान आणि मुंबईचं विमान यांच्यात एक मोकळी रात्र ठेवा. ऑस्लोतला एक मुक्काम हुकलेल्या आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा स्वस्तच पडतो. ती रात्र ठेवता येत नसेल तर निदान सगळी विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे एक चुकल्यास पुढची सोय लावणं कंपनीच्या अंगावर राहतं.

महिना निवडताना उजेडाचाही विचार करा. लाँगइयरब्येनला ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही आणि २० एप्रिलच्या सुमारापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ट्रॉम्सोहून उन्हात निघून दीड तासाने सूर्य क्षितिजाखाली असलेल्या गावात उतरता येतं. खिडकीतून समुद्र आणि टोकदार बर्फाळ डोंगर बघायचे असतील तर मार्च-एप्रिलमधलं दुपारचं विमान घ्या. उतरल्यावर विमानाला जोडलेला पूल नाही, शिडीने थेट डांबरावर यायचं आणि चालत इमारतीत जायचं. म्हणून कानटोपी आणि हातमोजे सामानात टाकू नका. सामानाच्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेलं ध्रुवीय अस्वल उभं असतं, मुलं बरोबर असतील तर तिथला अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

पुढे नी-ऑलेसुंडला जाणाऱ्यांसाठी

‘हिमाद्री’ लाँगइयरब्येनमध्ये नाही, नी-ऑलेसुंड या संशोधन वस्तीत आहे. तिथे डॉर्निअर २२८ हे पंखेवालं छोटं विमान जातं. वरची रीत इथे करून बघण्यासारखी आहे. अक्षांशात ४१ मिनिटांचा फरक, रेखांशात २१५ मिनिटांचा. रेखांशातला फरक आधीच्या प्रवासाइतकाच, पण सरासरी अक्षांश साडेअठ्ठ्याहत्तर, कोसाइन ०.१९८, म्हणून ४३ मैल. वर्गमुळाने ५९ नॉटिकल मैल, म्हणजे १०९ किलोमीटर. आधीच्या प्रवासात ज्या रेखांशाला काडीचीही किंमत नव्हती, त्याने इथे अर्धं अंतर उचललं आहे. उड्डाण अर्ध्या तासाच्या आतलं.

हे विमान नेहमीच्या प्रवासी सेवेसारखं कुणालाही तिकीट काढून जाता येईल असं नाही, जागा संशोधन संस्थेमार्फत ठरते. सामानाचं वजन काटेकोर बघतात, तेव्हा उपकरणं नेणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावं. नी-ऑलेसुंडला रेडिओ दुर्बिणी आहेत, त्यामुळे तिथे वायफाय आणि ब्लूटूथ चालू ठेवायला बंदी आहे. पोचल्याचा निरोप घरी कळवायचा असेल तर लाँगइयरब्येनहून निघतानाच कळवा आणि फोन विमानात बंद केलात तसाच राहू द्या.

परतीच्या वाटेवर ट्रॉम्सोला पुन्हा पासपोर्ट तपासणी असते. स्वालबार्ड नॉर्वेच्या करक्षेत्राबाहेर असल्याने कस्टमही असतं. सामान थेट पुढच्या विमानात जाणार की ट्रॉम्सोला उचलून पुन्हा द्यायचं, हे लाँगइयरब्येनच्या चेक-इन खिडकीवरच विचारून घ्या आणि पुढच्या विमानासाठी मध्ये किमान तीन तास ठेवा.